क्रीम-सीरममध्ये नक्की असतं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मसिस्ट आहे. काउंटरवर आणि फोनवर लोक जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र केलेत. डॉक्टर नाहीये, त्यामुळे जिथे त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला हवं तिथे तसं स्पष्ट लिहिलंय. ब्रँडपेक्षा घटक बघायची सवय लागावी एवढ्यासाठी हे सगळं, कारण एकच घटक दीडशेच्या ट्यूबमध्ये पण असतो आणि दोन हजारांच्या बाटलीत पण.

१. ताई, ट्यूबच्या मागे एवढी मोठी यादी असते, त्यात नक्की बघायचं काय?

यादी उतरत्या क्रमाने असते. ज्याचं प्रमाण सगळ्यात जास्त ते पहिलं, म्हणून बहुतेक ठिकाणी सुरुवातीला पाणीच दिसतं, 'ॲक्वा' असं लिहिलेलं. पण हा क्रम एक टक्क्यापर्यंतच पाळावा लागतो, त्याच्या खालचे घटक कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. ती एक टक्क्याची रेघ कुठे आहे ते ओळखायला एक सोपी खूण सांगते: यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे प्रिझर्व्हेटिव्ह साधारण एक टक्क्याच्या वर घालत नाहीत, त्यामुळे त्याच्यानंतर जे जे येतं ते बहुधा एक टक्क्याच्या आतलंच. पुढे मोठ्या अक्षरात 'केशरयुक्त' आणि मागे केशराचा अर्क फिनॉक्सीइथेनॉलच्याही नंतर, सुगंधाच्या शेजारी असेल, तर केशर नावापुरतंच आहे असं समजा.

उलट रेटिनॉल, सेरामाइड, पेप्टाइड हे मुळात कमी प्रमाणातच घालतात, ते खाली दिसले म्हणून प्रॉडक्ट वाईट ठरत नाही. नायसिनामाइड, ग्लिसरीन, युरिया, झिंक ऑक्साइड मात्र वरच्या भागात दिसायला हवेत.

२. आजवर फक्त साबण लावलाय, बजेट पण कमी आहे, सुरुवात कशाने करू?

तीनच गोष्टी घ्या, सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. साबणाचा पीएच ९-१० च्या आसपास असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणून साबणाने चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा होतो. बोअरचं जड पाणी असेल तर अजूनच. या तीन गोष्टी महिनाभर नीट चालल्या की मग तुमचा जो मुख्य त्रास असेल त्याच्यासाठी एकच ॲक्टिव्ह, म्हणजे त्या त्रासावर मुद्दाम काम करणारा घटक, घ्या. पाच सीरम एकदम मागवू नका, कारण चेहरा लाल झाला की कशाने झाला ते कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांना पण नाही.

३. हायलुरॉनिक ॲसिड घेऊ की ग्लिसरीनच पुरेल?

बहुतेकांना ग्लिसरीन पुरतं, मनापासून सांगतेय. दोन्हीचं काम एकच, पाणी ओढून धरायचं. हायलुरॉनिकचा फील छान असतो, चिकट वाटत नाही, पण त्याचा रेणू मोठा, तो बराचसा वरच राहतो. ग्लिसरीन लहान रेणू, त्वचेच्या वरच्या थरात मुरतं आणि त्याच्यावर कितीतरी वर्षांचा अभ्यास आहे. फक्त मेडिकलमधली ग्लिसरीनची बाटली तशीच्या तशी चेहऱ्यावर ओतू नका, चिकचिक होतं; ज्या मॉइश्चरायझरच्या यादीत ग्लिसरीन दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला आहे ते घ्या.

हवामानाचा फरक पडतो. मुंबई-कोकणात हवेत आधीच दमटपणा, तिथे नुसतं जेल चालून जातं. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात किंवा दिवसभर एसीमध्ये बसणाऱ्यांनी नुसतं हायलुरॉनिक लावलं तर ते पाणी उडून जातं आणि त्वचा आणखी कोरडी वाटते. तोंड धुतल्यावर ओलसर चेहऱ्यावरच लावा आणि वरून क्रीम लावाच.

४. सेरामाइडवालं महाग क्रीम आणि व्हॅसलिन यात फरक काय?

सेरामाइड हा त्वचेच्या वरच्या थरात मुळातच असलेला स्निग्ध पदार्थ, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडबरोबर तो पेशींच्या मधली जागा भरून ठेवतो. ॲसिडं-बिसिडं लावून किंवा घासून घासून ही फट पडली की चेहरा चुरचुरतो, तेव्हा सेरामाइडवालं क्रीम उपयोगी. पेट्रोलियम जेली असं काही भरून काढत नाही, ती वर थर धरते आणि आतलं पाणी उडू देत नाही, पण ते काम ती इतकं चोख करते की तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. ओठ, कोपरे, टाचा, हिवाळ्यात फुटलेले गाल, इथे व्हॅसलिन बिनधास्त. पिंपल्सवाल्या तेलकट चेहऱ्यावर मात्र तो चिकट थर नकोसा होतो, तिथे सेरामाइडवालं हलकं लोशन बरं.

५. आजी म्हणते खोबरेल तेलच लाव, मग मॉइश्चरायझर कशाला?

अंगाला लावा, आजीचं बरोबर आहे. कोरड्या त्वचेवर खोबरेल खरंच काम करतं. चेहऱ्यावर मात्र सांभाळून, ज्यांना पिंपल्स येतात त्यांची छिद्रं बुजून बारीक बारीक दाणे येतात, विशेषतः कपाळावर, जिथे केसांचं तेल पण उतरतं. कपाळावर खाज येत असेल तर प्रश्न १९ बघा, तिथे तेल अजिबात नको. मोहरीच्या तेलाने त्वचेचा संरक्षक थर बिघडतो असं दिसलंय, म्हणून बाळाच्या मालिशला ते टाळलेलं बरं, सूर्यफुलाचं चालतं.

६. नायसिनामाइड ५ टक्के घेऊ की १० टक्के? १० म्हणजे डबल असर ना?

नाही हो. नायसिनामाइड म्हणजे व्हिटॅमिन बी-३, आणि त्याच्यावरचे चांगले अभ्यास बहुतेक २ ते ५ टक्क्यांवरच झालेत. पिंपल्ससाठी ४ टक्क्यांचं जेल १ टक्का क्लिंडामायसिन या अँटिबायोटिक जेलच्या बरोबरीने चाललं असा अभ्यास १९९५ सालीच आलाय. १० टक्के बाजारात चालतं कारण आकडा मोठा दिसतो, काहींना सोसतं आणि काहींचा चेहरा लाल होऊन खाजतो. सोसत नसेल तर ५ वर या.

तेल थोडं कमी करणं, पिंपल गेल्यावर मागे राहणारा डाग फिका करणं, त्वचेचा संरक्षक थर मजबूत करणं ही याची कामं. एकदम जोरदार असं काही करत नाही पण चार गोष्टी थोड्या थोड्या करतं आणि सहसा कुणाला त्रास देत नाही, म्हणून पहिलं ॲक्टिव्ह कोणतं असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. आठ ते बारा आठवडे द्या.

७. व्हिटॅमिन सी सीरम नारिंगी झालंय, वापरू का?

फिकट पिवळं असेल तर चालेल, नारिंगी-तपकिरी झालं असेल तर टाकून द्या. कापलेलं वांगं हवेवर काळं पडतं तसंच हे, हवा, उजेड आणि उष्णता लागली की एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी, ऑक्सिडाइज होतं. म्हणून गडद बाटली, लहान साइज, आणि घरात गरम जागी ठेवायचं नाही. बाथरूमच्या खिडकीत तर नाहीच.

शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक १० ते २० टक्के आणि पीएच साडेतीनच्या खाली असेल तरच आत शिरतं, त्यामुळे ते चुरचुरतं. सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिड असेल तर जास्त टिकतं आणि काम पण जास्त करतं. संवेदनशील त्वचा असेल तर सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिड असली नावं शोधा, ही टिकाऊ आणि सौम्य, पण शुद्ध सी एवढा पुरावा यांच्यामागे नाही. सकाळी सनस्क्रीनच्या आधी लावायचं.

८. व्हिटॅमिन सी आणि नायसिनामाइड एकत्र लावलं तर दोन्ही वाया जातात ना?

नाही जात. ती भीती जुन्या प्रयोगांमधून आलीये, तिथे दोन्ही घटक शुद्ध स्वरूपात आणि बऱ्याच उष्णतेत एकत्र ठेवले होते. चेहऱ्यावर तसं काही होत नाही. तरी चुरचुरत असेल तर एक सकाळी, एक रात्री.

९. सॅलिसिलिक, ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक… सगळी ॲसिडंच, मग कुठलं घ्यायचं?

तुमचा त्रास काय त्यावर आहे. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून ते तेलाने भरलेल्या छिद्रात उतरतं. ब्लॅकहेड्स, व्हाइटहेड्स, तेलकट नाक यासाठी हेच, २ टक्क्यांपर्यंत. बाकीची तीन पाण्यात विरघळतात आणि वरवरची मेलेली त्वचा सुटी करतात. त्यात ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यात लहान, उसात सापडणारं हे ॲसिड पटकन आत जातं, असर जास्त आणि जळजळ पण जास्त. लॅक्टिक मवाळ आणि ओलावा पण धरतं, कोरड्या त्वचेला चांगलं. मँडेलिकचा रेणू मोठा, हळूहळू जातं, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेसाठी मला ते जास्त भरवशाचं वाटतं, कारण आपल्याकडे जळजळ झाली की ती जाताना काळा डाग ठेवून जाते. ग्लायकोलिक जोरात लावून गाल भाजून घेतलेले कितीतरी जण काउंटरवर येतात आणि डाग घालवायला म्हणून घेतलेल्या बाटलीने नवीन डाग आलेले असतात.

आठवड्यातून दोनदा, रात्री, आणि दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन सोडायचं नाही. घरी ३० टक्क्यांचं पील (त्वचा सोलणारं जोरदार ॲसिड) मागवून लावू नका, ते डॉक्टरांच्या हातात असू द्या.

१०. पिंपल्ससाठी सॅलिसिलिक की बेन्झॉइल पेरॉक्साइड?

काळे-पांढरे बारीक दाणे असतील तर सॅलिसिलिक, लाल पू भरलेले असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते पिंपल्सच्या जिवाणूला ऑक्सिजनने मारतं, आणि अँटिबायोटिकसारखी त्याची जिवाणूंना सवय होत नाही. नुसतं क्लिंडामायसिन जेल महिनोन्‌महिने लावत बसलेले लोक असतात, तसं करू नये, त्याच्यासोबत बेन्झॉइल हवंच. २.५ टक्केवालं घ्या, ते १० टक्क्यांच्या जवळपास बरोबरीचं काम करतं आणि त्वचा कमी सोलते. एक लक्षात ठेवा, याने टॉवेल, उशीचा अभ्रा, रंगीत कुर्त्याची कॉलर यांचा रंग उडतो, पांढरा टॉवेल वेगळा ठेवा.

गाठीसारखे दुखणारे, खड्डे पाडणारे पिंपल्स असतील, किंवा हनुवटीवर येतायत आणि पाळी पण अनियमित आहे, तर क्रीममध्ये वेळ घालवू नका, डॉक्टरकडे जा.

११. रेटिनॉल, रेटिनल, ॲडापलीन, ट्रेटिनॉइन हे सगळं एकच का?

एकाच घराण्यातले, ताकद वेगळी. त्वचेला शेवटी हवं असतं रेटिनोइक ॲसिड, म्हणजेच ट्रेटिनॉइन. रेटिनॉल लावलं की त्वचेत आधी त्याचं रेटिनल होतं आणि मग रेटिनोइक ॲसिड, दोन पायऱ्या, प्रत्येक पायरीवर थोडं कमी होत जातं, म्हणून रेटिनॉल मवाळ आणि हळू. रेटिनलला एकच पायरी. ट्रेटिनॉइन थेट काम करतं, अमेरिकेत १९७१ साली पिंपल्ससाठी त्याला मान्यता मिळाली, आणि आजपर्यंत सुरकुत्या-पिंपल्स दोन्हीसाठी त्याच्याइतका पुरावा फार थोड्या घटकांमागे आहे. ॲडापलीन मुद्दाम पिंपल्ससाठी बनवलेलं, उजेडात टिकतं, बेन्झॉइलबरोबर पण बिघडत नाही आणि ट्रेटिनॉइनपेक्षा कमी सोलतं. शेवटची दोन आपल्याकडे औषधं आहेत, चिठ्ठीवर घ्या.

लावायचं कसं ते महत्त्वाचं, कारण बहुतेक जण इथेच घाबरून सोडतात. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं, डोळ्याच्या कडा आणि नाकाचे कोपरे सोडून. सुरुवातीला आठवड्यातून दोन रात्री, आधी मॉइश्चरायझर लावून त्याच्यावर लावलं तरी चालतं. सालपटं निघाली तर दोन दिवस थांबा. त्याच रात्री प्रश्न ९ मधलं कुठलंही ॲसिड नको. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी प्रश्न १८ वाचा.

१२. नवीन सीरम लावल्यावर पिंपल्स वाढले, हे पर्जिंग की सोसत नाहीये?

रेटिनॉइड (प्रश्न ११ मधलं घराणं) किंवा प्रश्न ९ मधली ॲसिडं असतील, आणि नेहमी जिथे येतात तिथेच दाणे आले असतील, तर पर्जिंग, म्हणजे आत दबलेले दाणे भराभर वर येणं, असू शकतं, ते चार-सहा आठवड्यांत ओसरतं. नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी, हायलुरॉनिक, सनस्क्रीन याने पर्जिंग होत नाही. जिथे कधीच येत नव्हते तिथे आले, किंवा खाज-सूज-लाली आहे, तर बंद करा. नवीन काहीही आणलं की आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघा.

१३. वांग आणि काळ्या डागांसाठी कोजिक, आर्ब्युटिन, ट्रॅनेक्झॅमिक, अझेलाइक, कुठलं बेस्ट?

आधी डाग कसला ते बघा. पिंपल गेल्यावर उरलेला डाग वेळ देऊन जातोच, ॲक्टिव्हने लवकर जातो. वांग वेगळा, तो दोन्ही गालांवर, कपाळावर, ओठाच्या वर सारखा पसरतो, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे येतो, उन्हाने वाढतो, आणि बरा झाला तरी परत यायला टपलेला असतो.

यातलं माझं आवडतं अझेलाइक ॲसिड. गहू-जवात सापडतं, १० ते २० टक्क्यांत मिळतं, पिंपल्स आणि डाग दोन्हीवर चालतं, गरोदरपणात पण सहसा चालतं, फक्त पहिले काही दिवस मुंग्या चावल्यासारखं होतं. कोजिक ॲसिड बुरशीपासून बनतं, काम करतं पण काहींना त्याची ॲलर्जी होते, आणि हल्ली सगळे कोजिक साबण मागतात, पण साबण अर्ध्या मिनिटात धुऊन जातो, त्यातून पदरात फार काही पडत नाही. अल्फा आर्ब्युटिन सौम्य आणि हळू. ज्येष्ठमधातला ग्लॅब्रिडिन पण याच कामाचा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड सीरममध्ये चालेल. त्याच्या गोळ्या रक्त गोठण्याशी संबंधित आहेत, त्या मैत्रिणीने सांगितल्या म्हणून घ्यायच्या नाहीत.

हायड्रोक्विनोन यांच्यात सगळ्यात जोरकस, पण ठरावीक महिनेच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वर्षानुवर्षं लावलं तर त्वचा उलट निळसर-काळी पडते आणि ते जाता जात नाही. आणि वांग असेल तर सनस्क्रीन टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं) घ्या, कारण पुढच्या प्रश्नात आहे.

१४. सनस्क्रीन मिनरल चांगलं की केमिकल? आणि एसपीएफ ५० म्हणजे ३० च्या जवळपास दुप्पट का?

एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (उन्हातले भाजणारे किरण) अडवतं, ५० साधारण ९८. फरक एवढाच, पण आपण सगळेच कमी लावतो म्हणून ५० घेतलेलं बरं. एसपीएफ फक्त यूव्हीबीबद्दल, म्हणजे भाजण्याबद्दल सांगतो. काळवंडणं आणि सुरकुत्या यात यूव्हीएचा मोठा हात, त्यासाठी पीए च्या पुढे तीन-चार प्लस बघा. यूव्हीए खिडकीच्या काचेतून पण येतं.

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे मिनरल, लहान मुलं आणि संवेदनशील त्वचेला चांगले, पण आपल्या रंगावर पांढरट दिसतात आणि त्यामुळे लोक चिमूटभर लावतात, मग उपयोग काय. ॲव्होबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन, बेमोट्रिझिनॉल हे केमिकल, दिसत नाहीत. नुसतं ॲव्होबेन्झोन उन्हात बिघडतं आणि ऑक्टिनॉक्सेटबरोबर तर अजून लवकर, सोबत ऑक्टोक्रायलीन किंवा बेमोट्रिझिनॉल असेल तर टिकतं, तेवढं यादीत बघा. जे तुम्ही रोज भरपूर लावाल ते चांगलं.

भरपूर म्हणजे दोन बोटांवर पूर्ण रेघ ओढून जेवढं येईल तेवढं चेहरा-मानेला. उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. टू-व्हीलरवर स्कार्फ बांधता ते उत्तम, तो सोडू नका, पण पातळ कापडातून ऊन येतंच म्हणून आत सनस्क्रीन हवं. आणि टिंटेड का, तर त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते डोळ्याला दिसणारा प्रकाश पण अडवतं, तो प्रकाश सावळ्या त्वचेवरचे डाग गडद करतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही.

१५. लिंबू, हळद, बेसन, मुलतानी माती, बेकिंग सोडा, हे तर नैसर्गिक आहे ना?

बेसन ठीक, घासायचं नाही फक्त. मुलतानी माती तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा, पूर्ण वाळून तडकायच्या आत धुवा. हळदीत सूज कमी करणारं कर्क्युमिन आहे पण वाटून लावलेल्या लेपातून ते कितपत आत जातं हा प्रश्नच आहे, नुकसान सहसा नाही, पिवळेपणा राहतो.

लिंबू नको म्हणजे नको. पीएच दोनच्या आसपास, आणि त्याच्यातले काही घटक उन्हात त्वचा अक्षरशः भाजतात, फोड येतात आणि नंतर महिनोन्‌महिने तपकिरी ओघळासारखे डाग राहतात. बेकिंग सोडा दुसऱ्या टोकाला, साबणासारखा अल्कलाइन. कोरफड लावायची तर पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, खाज त्यानेच येते.

१६. लग्नाआधी रंग उजळायचाय, कुठलं क्रीम?

तुमचा जन्माचा रंग कुठलंही सुरक्षित क्रीम बदलत नाही, आणि तो बदलायची गरज पण नाहीये. उन्हाने काळवंडलेला चेहरा मूळ रंगावर येतो, डाग फिके होतात, त्वचा नितळ दिसते, एवढं मिळतं आणि ते पुरेसं छान दिसतं. फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० साली ग्लो अँड लव्हली झालं, आणि त्यात डागांसाठी असलेला घटक पाहाल तर तो नायसिनामाइडच, प्रश्न ६ मधला. ग्लुटाथायोनची इंजेक्शनं रंगासाठी घेऊ नका. सावळ्या मुलीला घरचेच क्रीम आणून देतात तेव्हा फार वाईट वाटतं, म्हणून हे जरा जोर देऊन लिहिलं.

लग्न तीन महिन्यांवर असेल तर प्रश्न २, ६ आणि १४ एवढंच नीट करा. शेवटच्या पंधरवड्यात नवीन काहीही सुरू करू नका.

१७. पार्लरमधून बिनलेबलची डबी दिली, आठ दिवसांत चेहरा गोरा झाला, बंद केलं की लाल होऊन पिंपल्स येतात. काय असेल त्यात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. आठ दिवसांत गोरं करणाऱ्या डबीत दोनपैकी एक गोष्ट असण्याची शक्यता खूप, स्टेरॉइड किंवा पारा.

स्टेरॉइडची नावं ट्यूबवर वाचायला शिका: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. घरातली 'ती नेहमीची ट्यूब' आणून बघा, बारीक अक्षरात यातलं एखादं नाव सापडेल आणि बाजूला लाल रेघ असेल, ती रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं तिन्ही एकत्र असलेलं क्रीम वांगासाठी डॉक्टर थोडे आठवडे देतात, आणि लोक तेच वर्षभर फेअरनेस क्रीम म्हणून लावतात. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, गालावर लव वाढते, ऊन सोसत नाही. २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, टाकली, तरी ती काउंटरवरून सहज जातात, हे माझ्याच व्यवसायातलं दुःख आहे. नायट्यावर पण असंच होतं, स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत मजेत पसरते, पुढे ती ओळखू येईनाशी होते.

पारा त्याहून वाईट. तो त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीवर येतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये किडनीच्या एका आजाराचे रुग्ण सापडले, त्यांच्यात समान धागा निघाला फेअरनेस क्रीमचा. लेबल नाही, बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, अशी डबी चेहऱ्याला लावायचीच नाही. लावत असाल आणि पायावर सूज किंवा लघवीला फेस येत असेल तर डबी घेऊन डॉक्टरकडे जा.

स्टेरॉइड बरेच महिने लावलं असेल तर एकदम सोडल्यावर चेहरा पेटतो, म्हणून लोक परत तेच लावतात. त्वचारोगतज्ज्ञ ते हळूहळू सोडवतात, वेळ लागतो, पण सुटतं.

१८. प्रेग्नंट आहे, काय बंद करू?

प्रश्न ११ मधलं सगळं घराणं बंद, हायड्रोक्विनोन बंद, सॅलिसिलिकचे पील बंद. पिंपल्ससाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना दिवस गेले असतील तर आजच डॉक्टरांना फोन करा, त्याने बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. चालणारे: अझेलाइक, व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, ग्लिसरीन, मिनरल सनस्क्रीन. तरी यादी एकदा तुमच्या गायनॅकना दाखवा.

१९. कपाळावर आणि पाठीवर एकसारखे बारीक दाणे, खूप खाज, पिंपल्सचं काहीच लागू पडत नाही?

पिंपल्स सहसा एवढे खाजत नाहीत. घामाच्या दिवसांत, जिम किंवा अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर असं आलं तर मॅलासेझिया नावाच्या यीस्टचा त्रास असू शकतो, कोंड्याशी संबंध असलेला तोच. त्याला केटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध लागतं, आणि तेलं बंद. पाठीला कोंड्याचा केटोकोनॅझोल शॅम्पू पाच मिनिटं लावून धुवायला डॉक्टर बऱ्याचदा सांगतात. आधी निदान करून घ्या, घामोळं पण असंच दिसतं.

२०. पॅराबेन-फ्री, केमिकल-फ्री घेतलं तर सेफ ना?

केमिकल-फ्री असं काही नसतं, पाणी पण केमिकल आहे. पॅराबेन म्हणजे क्रीम खराब होऊ न देणारं प्रिझर्व्हेटिव्ह, त्याच्या भीतीने कंपन्यांनी काही ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घातलं आणि त्याच्या ॲलर्जीची लाटच आली, २०१३ मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने त्याला त्या वर्षीचं मुख्य ॲलर्जन ठरवलं, आणि त्याच संस्थेने २०१९ साली पॅराबेनला 'नॉनॲलर्जन' म्हटलं. संवेदनशील त्वचेला जास्त त्रास देतात ते सुगंध, यादीत परफ्यूम, लिनालूल, लिमोनीन अशी नावं दिसतात, आणि ती 'नॅचरल' इसेन्शियल ऑइलमधून पण येतात.

वनस्पती वाईट असतात असं मुळीच नाही. कोरियन क्रीममधलं सिका म्हणजे आपली मंडूकपर्णीच, आणि लाल झालेल्या त्वचेला ती खरंच शांत करते.

२१. आईच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलाय, कोड तर नाही ना?

टिकलीच्या चिकट भागात कधी कधी पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल फिनॉल असतं, ते रंग बनवणाऱ्या पेशींनाच इजा करतं. डाग अगदी टिकलीच्या आकाराचा आणि तेवढ्याच जागी असेल तर शंका हीच. आधी थोडी खाज-लाली येते, तेव्हाच बायका टिकली जरा वर किंवा खाली सरकवतात आणि मग डाग पण सरकतो. चिकटवायची टिकली पूर्ण बंद करायची. कुंकू लावायचं असेल तर खाज पूर्ण गेल्यावर आणि हातावर बघून, कारण त्यातल्या रंगाची पण काहींना ॲलर्जी असते. बऱ्याच जणींचा रंग हळूहळू परत येतो, सगळ्यांचा नाही, आणि कधी हे पसरतं पण, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. खरं कोड आहे का ते तेच सांगतील.

२२. दंडावर कोंबडीच्या कातडीसारखे दाणे आणि टाचांना भेगा, दोन्हीला एकच क्रीम चालेल?

घटक एकच, युरिया, टक्के वेगळे. दंडाला १० टक्के युरिया किंवा लॅक्टिक ॲसिडवालं लोशन, टाचांना २० टक्के किंवा जास्त, रात्री लावून वर पेट्रोलियम जेली आणि सुती मोजे. कमी टक्क्यांत युरिया ओलावा धरतो, जास्त टक्क्यांत जाड कातडी सोडवतो. भेगांतून रक्त येत असेल तर आधी नुसती जेली लावून त्या भरू द्या, नाहीतर फार झोंबेल. डायबेटिस असेल तर टाचांवर स्वतः प्रयोग नको.

२३. मान आणि काख काळी पडलीये, घासून घासून थकले, कुठलं ॲसिड लावू?

आधी हात लावून बघा. कातडी जाड, मखमलीसारखी लागतेय का? तसं असेल तर तो मळ नाहीये आणि घासून जाणार नाही, घासल्याने आणखी काळी होईल. याला ॲकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात आणि बऱ्याचदा त्याच्यामागे शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसतं, वजन वाढलेलं असतं किंवा पीसीओएस असतं. दहावी-बारावीच्या मुलांना घरचे 'आंघोळ नीट करत नाहीस' म्हणून बोलतात, त्या मुलांची काही चूक नसते. उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी तपासून घ्या, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा. तोवर स्क्रब आणि कडक साबण बंद ठेवून मानेला १० टक्के युरियाचं लोशन लावलं तर कातडी मऊ होते. रंग मात्र शुगर-वजन आटोक्यात आलं की मग हळूहळू, काही महिन्यांनी फिका पडायला लागतो.